सखुबाई आणि अर्धा बाटला

कोसाडच्या आमच्या वसाहतीत कुणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी सखुबाई हजर. नवऱ्याबरोबर, म्हणजे उखाभाऊंबरोबर, खानदेशातून सुरतेला येऊन त्यांना तीस वर्षं झाली. घरबसल्या साड्यांना लेस लावायची आणि उरलेल्या वेळात अख्ख्या बिल्डिंगची तब्येत सांभाळायची, हा त्यांचा दिनक्रम. सलाईनवर देवापेक्षा जास्त विश्वास. "बाटला चढावा, मानूस उठी बसस," असं ठणकावून सांगायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून त्या मला इथल्या गुजराती रीतीने 'बेन' म्हणतात आणि माझं एक अक्षर ऐकत नाहीत.

उखाभाऊ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला. पायाची जखम चिघळली तरी चार दिवस हळद दाबून कामावर गेले. पाचव्या दिवशी सकाळी बरळायला लागले. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी लागतच नव्हतं. जखमेचं विष रक्तात भिनलंय, डॉक्टर मनीषाबेन म्हणाल्या.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचं यंत्र ढकलत आणलं आणि उखाभाऊंच्या बरगड्यांखाली टेकवलं. "पुरुष मानूसनी सोनोग्राफी?" सखुबाई माझ्या कानात पुटपुटल्या. पडद्यावर हृदयाकडे जाणारी मोठी नस दिसत होती. दर श्वासाला ती पार चपटी होत होती. आत पाणी कमी आहे, असं सांगून डॉक्टरांनी बाटल्यामागून बाटला सोडला आणि मधूनमधून त्या पुन्हा नस बघत राहिल्या. बाटला वाहत होता तोवर सखुबाई खंबीर होत्या. उलट मलाच धीर देत होत्या.

चारच्या सुमारास नस टम्म भरलेली दिसली, हलेना. अर्धा बाटला उरला असतानाच डॉक्टरांनी नळीवरची चाकी फिरवून धार बंद केली आणि बीपी वाढवायचं औषध पंपावर लावलं. "मासी, हवे पाणी बस. वधारे आपशुं तो फेफसांमां भराशे." आणखी पाणी दिलं तर फुप्फुसात साठेल, मीही समजावलं.

सखुबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या सासऱ्यांचा बाटला असाच बंद केला होता आणि तासाभरात डॉक्टर 'घरी घेऊन जा' म्हणाले होते. "यास्नी आशा सोडी दिधी, बेन," त्या म्हणाल्या.

डॉक्टर शेजारच्या खाटेकडे वळल्या, नर्स औषध आणायला गेली. तेवढ्यात सखुबाईंचा हात वर गेला. अंगठ्याने त्यांनी चाकी फिरवली आणि नळीत धार लागली. मी पाहिलं. आणि मी गप्प बसले! मुलांना हृदयाची आकृती काढायला लावणारी मी बाई. पण बीपीचा आकडा बघून माझीही गाळण उडाली होती. वाटलं, डॉक्टरांचं चुकत असेल तर? थोडं पाणी जास्त गेलं तर काय बिघडतंय?

बाटला रिकामा व्हायच्या आतच उखाभाऊंना धाप लागली. छातीत घरघर सुरू झाली, उशाजवळचा मॉनिटर किंचाळू लागला. नर्सा धावल्या. एकाएकी काय झालं, सगळे एकमेकांना विचारत होते. मी भिंतीला चिकटून उभी.

सखुबाई मात्र गर्दीत घुसल्या आणि त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. "मीच फिरावी चाकी. माले पोलिसमा द्या, पन यास्ले वाचाडा!"

मग शोधाशोध थांबली. धार बंद केली, तोंडावर घट्ट मास्क बांधला, लघवी व्हायचं इंजेक्शन दिलं. आम्हाला बाहेर काढलं. आत कुणाचाही पाय वाजला की मी दाराकडे बघायचे. सखुबाई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी उखाभाऊंचा मास्क काढला. डॉक्टरांनी पुन्हा नस बघितली आणि दोन चमचे पाणी पाजायची परवानगी दिली. त्यांनी चमचा सखुबाईंपुढे धरला. रागावल्या नव्हत्या त्या, उलट मायेनेच धरला. सखुबाईंनी दोन्ही हात पदराखाली लपवले.

"मना हात नको. बेन, तुम्ही पाजा. तुमना हातवर मना भरोसा शे."

मी पाजलं. चमचा उखाभाऊंच्या दातांवर टकटक वाजत होता. चाकी फिरताना मी बघत होते, हे सखुबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.