मागच्या सीटवरचा माणूस

माझं तमिळ भयपटांतून शिकलेलं, त्यातही हायवेवरच्या खुनी ड्रायव्हरांच्या. सिरुसेरीहून अड्यारला जाताना, प्रत्येक वळणावर डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात लावणारा टॅक्सीवाला फोनवर म्हणाला, ‘मुडिचुट्टु वरेन.’ म्हणजे संपवून येतो. लगेच त्याने मोठा रस्ता सोडला.

इथे कोणाला कळतंय, म्हणून मी बायकोला फोनवर मराठीत म्हणालो, ‘कालच्या सिनेमातलाच ड्रायव्हर भेटलाय. मला संपवणार म्हणतोय.’

‘ट्रिप संपवून येतों म्हणून घरीं सांगटलों, साहेब,’ तो तंजावरी मराठीत शांतपणे म्हणाला. ‘तिकडं ट्रॅफिक आहे. सिनेमांत सदा ड्रायव्हरच वाईट. मागं कोण बसलंय म्हणून आम्हीं भ्यायचं नाहीं काय?’

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आरशात त्याला नीट दिसेन असा सरकून बसलो.