पाचही पान!

मंडळी, चहा ओता, शेवेची डिश जरा इकडे सरकवा, आणि हसू आलं तर आवरू नका. आज मी माझीच फजिती सांगणार आहे. सासुरवाडीच्या लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्याआधी आपणच सांगितलेली बरी, नाही का?

तर, मी पोकर खेळतो. घाबरू नका! फोनवर, फुकटातला. पैसे नाहीत, नुसते आकडे. देवासच्या कारखान्यात दिवसभर माल तपासायचा आणि घरी आलं की सोफ्यावर आडवं होऊन पत्ते. तिथं माझं नाव ‘देवासचा वाघ’. हातात भिकार पत्ते असले तरी मी असा डाव रेटतो की समोरचे पटापट पत्ते टाकून पळतात. थापा मारण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं माझं ठाम मत होतं.

फक्त एक बारीकशी गोष्ट. फोनवर तुमचं तोंड कुणाला दिसत नाही. खेळताना मी पाय हलवतो, कपाळ बडवून घेतो, उशीला गुद्दे घालतो आणि मोठमोठ्यानं बडबडतो, असं माझ्या बायकोचं, वर्षाचं म्हणणं.

"अहो, फोनशी काय बोलता?"

"कोण बोलतंय?" मी विचारायचो. खरं सांगतो, मला वाटायचं मी मनातच बोलतोय!

देवासात हे खपून गेलं. घोळ झाला तो धारला.

धार माझी सासुरवाडी. माझे सासरे, अप्पा, निवृत्त शिक्षक. घराणं संस्थानाच्या काळापासूनचं, त्यामुळे मराठी अशी की देवघरातल्या भांड्यांसारखी लख्ख. आणि मी? कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्याचा पोरगा, हिंदी शाळेत शिकलेला. जेवण झाल्यावर मी "मला नींद येतेय" म्हणालो की अप्पांची भुवई वर. "झोप, जावईबापू. मराठी माणसाला झोप येते."

पण माणूस लाख मोलाचा. आणि त्या माणसाचा गुडघा पार कामातून गेला होता. भिंतीला धरून धरून चालायचे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर अंथरूण धराल. ऑपरेशन इंदूरला करायचं, नंतर दोनेक महिने आमच्याकडे देवासला राहायचं, असं वर्षानं ठरवलं. अप्पांनी मान हलवली, पण आडवी.

"लेकीच्या घरी पाहुणा म्हणून एक रात्र ठीक. मुक्काम ठोकायचा? आमच्यात ती रीत नाही."

वर्षा रडली, चिडली, अबोला धरून झाला. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी होते. अप्पा ढिम्म! त्यांना तसं भिंत चाचपत जाताना मलाही बघवायचं नाही हो.

एका रविवारी दुपारी तिथंच बसलो असताना माझ्यातला वाघ जागा झाला.

"अप्पा, पत्त्यांवर होऊन जाऊ दे! मी जिंकलो तर तुम्ही देवासला यायचं. तुम्ही जिंकलात तर हा विषय कायमचा बंद."

वर्षानं डोळे वटारले. "वडिलांचा गुडघा डावावर लावताय?"

"मंजूर," अप्पा म्हणाले.

इतक्या चटकन? पण मला शंका येईल तर शपथ!

मी खेळ समजावला. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे. सगळे मिळून ज्याची पाचांची जुळणी भारी, तो जिंकला. लावायला म्हणून सासूबाईंनी मांडूच्या गोरखचिंचेच्या बिया वाटल्या. खेळायला अप्पा, वर्षा आणि मी. बघायला सासूबाई आणि शेजारचे कैलाशभिया. हे भिया, म्हणजे आमच्या माळव्यातले भैया, अप्पांचे जुने विद्यार्थी, दुपारचा चहा इथंच.

आणि मग कळलं, की समोरासमोरचा पोकर म्हणजे वेगळंच प्रकरण! पहिल्यांदा पत्ते पिसायला घेतले. फोनवर ते आपोआप पिसले जातात ना! माझ्या हातातून अर्धे उडाले, चौकटचा गुलाम थेट कपाटाखाली. माझी पाळी आली की मी सवयीनं पत्त्यावर अंगठा दाबायचो.

"जमाईसाब," कैलाशभिया म्हणाले, "दबाने से कुछ नी होगा. हाथ से उठाना पड़ेगा."

त्यात मी पत्ते असे धरायचो, जसा फोन धरतो. अर्ध्या जगाला दिसावेत असे! अप्पा सारखे खिडकीबाहेरच्या तुळशीकडे बघत बसायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. डावामागून डाव अप्पा पत्ते टाकून द्यायचे. मला वाटलं, वाघाला भ्याले! वर्षाच्या बिया संपल्या, अप्पांच्या कमी झाल्या, आणि आम्ही दोघं शेवटच्या डावाला येऊन ठेपलो.

पत्ते उचलले. दुग्गी आणि सत्ती! तीही वेगवेगळ्या रंगांची. पोकरमध्ये याहून भिकार काही नाही. मी मनातल्या मनात म्हणालो, "दुग्गी-सत्ती! मेलो!"

मध्ये पाच पत्ते उघडले. त्यांत तीन लाल, तिन्ही एकाच रंगाचे. पाच पत्ते एका रंगाचे जुळले की डाव जवळजवळ आपलाच! माझ्या डोक्यात वीज चमकली. हातातही त्याच रंगाचे दोन आहेत अशी थाप मारायची! सगळ्या बिया मी धाडकन पुढे लोटल्या.

"असं काय लागलं एवढं?" अप्पांनी विचारलं.

"पान!" मी गरजलो. "पाचही पान!"

अप्पांनी चष्मा वर केला. "पाच पानं माझ्याकडेही होतात, जावईबापू. वर्षाकडेही झाली असती. पाच पानांचाच खेळ ना हा?"

"तसे पान नाही हो! पान, पान!"

"खायचं का?" सासूबाईंनी भाबडेपणानं विचारलं आणि डबा आणायला उठल्यासुद्धा!

कैलाशभिया हसून हसून लाल. "मास्साब, जमाईसाब लाल वाला पान बोल रिये हैं. हिंदी का पान. आपका बदाम!"

"बदाम म्हणा की मग," अप्पा म्हणाले. "मराठीत प्रत्येक पत्ता पानच असतो."

आता सांगा, थाप मारणाऱ्या माणसाला आपल्या थापेचं भाषांतर ऐकावं लागलं तर त्याचं काय होईल? माझे कान तापले. पाय असा हलायला लागला की पाटावरच्या बिया उड्या मारू लागल्या. अप्पांनी मांडीवर उडालेली एक बी उचलून परत पाटावर ठेवली. मग त्यांनी आपले पत्ते पालथे टाकले.

"हरलो. अगं, ट्रंक काढ."

वर्षा त्यांच्या गळ्यात पडली आणि मी अंगणात जाऊन नाचलो!

ऑपरेशन छान झालं. अप्पा आणि सासूबाई आमच्याकडे राहिले, अप्पा गल्लीत फिरायला लागले. आणि मी? कारखान्याच्या दरवानापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ती थाप ऐकवली. एके दिवशी दोघे-तिघे मित्र चहाला आले होते. अप्पांना भेटायला धारहून कैलाशभियाही आलेले. मी रंगात आलो.

"चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही! हातात काय आहे, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं!"

कैलाशभियांना चहाचा ठसका लागला. "जमाईसाब, दुग्गी-सत्ती मेलो! इतने जोर से बोले थे कि मेरे घर तक सुनाई दिया होगा."

मी वर्षाकडे पाहिलं. ती साखर आणायला आत पळाली. साखर समोरच होती.

"ह्यांच्याकडे बदामाचा एक्का आणि राणी होती," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पत्ते मीच गोळा केले ना."

म्हणजे खरे पाच बदाम अप्पांकडेच! "अप्पा, मग तुम्ही हरलात कसे?"

अप्पांनी नवा गुडघा लांब केला. "लेकीकडे राहायला यायचं तर माणसाला काही निमित्त नको? हरायचं ठरवूनच बसलो होतो."

मी उठलो. पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"पण एक सांगतो, जावईबापू. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळतानाही एवढा घाम फुटला नव्हता. तुमच्याकडून हरणं काही सोपं काम नाही!"