इमर्जन्सीचा बोर्ड

काल मुलीने आणलेलं एक इंग्रजी पुस्तक उघडलं आणि आतला टाइप पाहून लगेच मिटलं. जुन्या वळणाची, टाकाने लिहिल्यासारखी कुठे जाड तर कुठे अगदी बारीक होणारी ती अक्षरं पुस्तकात फार मायाळू दिसतात. म्हणूनच मी ती गुरुग्राममधल्या एका नव्या हॉस्पिटलच्या बोर्डांचं डिझाइन करताना निवडली होती. घाबरून आलेल्या माणसांना जरा आपलेपणा वाटेल, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो आणि टेबलावरचे नमुने सगळ्यांना आवडले. लांबून ते कुणी पाहिलेच नाहीत, मीही नाही. बोर्ड लागले त्याच हिवाळ्यात एका सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. दादा गाडी चालवत होता, बाबांचं घामेजलेलं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि बाहेर दाट धुकं. त्याच हॉस्पिटलच्या गेटातून आत शिरताच दादा ओरडला, "इमर्जन्सी कुठंय यार? बोर्डावर नुसती लाल पट्टी दिसतेय!" अक्षरांच्या बारीक रेघा धुक्यात विरून गेल्या होत्या. "डावीकडे घे," मी म्हणालो; कुठल्या बोर्डावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. "पक्का?" "दादा, घे ना!" बाबा वाचले. "तुझं डोकं बरं शांत होतं," दादा नंतर म्हणाला, आणि मी त्याच्या कपात चहा ओतला. पुढे मी ते बोर्ड बदलायला लावले, कारण दुसरंच सांगितलं. पण त्या सकाळी आम्ही वळताना मागून आलेली एक गाडी बोर्डापाशी क्षणभर थांबली आणि सरळ पार्किंगकडे गेली, हे मी काचेतून पाहिलं होतं. तिच्यात कोण होतं, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.