धाकट्याच्या कंपनीचा एक शेअर

"दादा, तुझी कंपनी म्हणजे नाचरा घोडा! फोनच्या चिपा करते. दर दोन वर्षांनी नवी चिप, नवा खर्च. एक मोठं गिऱ्हाईक फिरलं की बसलीच खाली!"

"आणि तुझी? घराघरातल्या इंटरनेटच्या डब्यातली चिप, चार पैशांची. शेळीनं शर्यत जिंकली का कधी?"

"शेळी दर वर्षी दूध देते. लाभांश बघ माझा!"

शिन्चू शहरातल्या घरात तांदळाच्या शेवया उकडता उकडता बी-युननं हे सगळं ऐकलं. नवरा जिन-तू आणि धाकटा दीर मू-शेंग आपण शेअर घेतलेल्या कंपन्यांवरून नेहमीच असे भांडत. त्या दिवशी मात्र जिन-तू बोलून गेला, "जा, राहा तुझ्या शेळीकडेच. इकडे पाय ठेवू नकोस."

मू-शेंगनं खरंच ठेवला नाही. सहा महिन्यांत त्याची स्कूटर ट्रकखाली गेली.

मग जिन-तूनं भावाच्या कंपनीचा एक शेअर घेतला. एकच. रोज सकाळी शेअर दलालाच्या हॉलमध्ये फलकासमोर बसून तो स्वतःच्या शेअरचा भाव सोडून याच शेअरचा आकडा बघे. आकडा चढला, म्हणजे तिथल्या रीतीनं लाल झाला, की शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हणे, "झालं समाधान?" त्या खुर्चीवर पुढं कुणी बसेना.

देवळातही कौल लावून तेच विचारी, "कुणाची कंपनी खरी?" कौलासाठी टाकलेल्या लाकडाच्या दोन्ही चंद्रकोरी उताण्या पडत. म्हणजे देव हसतोय, उत्तर देत नाही. अकरा वर्षं देव हसला.

"अहो, देव काय बाजारात बसतो?" बी-युन शेवटी म्हणाली. "पोटात आहे ते विचारा की."

त्यानं विचारलं. "मू-शेंग, घरी येशील?"

एक उताणी, एक पालथी. होय. तीनदा टाकलं, तीनदा होय.

त्या दिवसापासून बी-युनला जेवताना तिसरी खुर्ची सरकल्यासारखी वाटे. ती शेवया थोड्या जास्त उकडू लागली.

जूनमध्ये भागधारकांच्या सभेची चिठ्ठी आली. मू-शेंग आता घरी आला होता, म्हणून जिन-तूची ती शेवटची फेरी, पण निघाला नेहमीसारखाच: छत्री, टोपी, चिठ्ठी खिशात. तासभर रांगेत उभा राहून एका शेअरच्या धन्यालाही कंपनी दर सभेला देते ती भेट घेऊन आला. आजवर साबण, कात्री, टॉवेल आणून भावाच्या फोटोपुढं ठेवले होते. यंदा वाडगा मिळाला.

तो त्यानं धुतला, तिसऱ्या खुर्चीपुढं मांडला, शेवयांनी भरला.

"घे," तो म्हणाला. "तुझ्या शेळीनं दिलंय."