कानात सांगायचं वजन

पुजिने बू सुमिराह यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते गावप्रमुखाच्या अंगणात, पोरांच्या वजनाच्या दिवशी. लग्न होऊन सिंदोरो डोंगराच्या उतारावरच्या या गावात येऊन तिला थोडेच दिवस झाले होते. जावेच्या मुलाला कडेवर घेऊन ती रांगेत उभी होती. पडवीच्या वाशाला टांगता काटा, काट्याला कापडी झोळी, आणि झोळीत एकामागून एक पोरं बसत होती नि भोकाड पसरत होती. काट्याशी उभी असलेली ही ठेंगणी बाई, जिला सारे आदराने 'बू' म्हणत, प्रत्येकाला "झालं रे राजा, झालं" म्हणत उतरवून घ्यायची. मग आकडा मोठ्याने न उच्चारता ती पोराच्या आईच्या कानाशी वाकायची.

बाकावर बसून मुगाची गोड खीर खाणाऱ्या सासवांना हे अजिबात आवडत नसे.

"काय गं सुमिराह, आम्हाला नको का कळायला? नातू काय शेजाऱ्याचा आहे?"

"नातू तुझाच. पण वजन त्याचं आहे, आणि ते मी त्याच्या आईला सांगितलंय. तू खीर खा."

पुजिच्या कानातही तसाच एक आकडा आला. जावेचा मुलगा हलका भरला होता. घरी गेल्यावर तिने तो फक्त जावेलाच सांगितला. का कोण जाणे, त्या दिवशी तिला या परक्या गावात पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

बू सुमिराह यांना या कामाचा पगार नव्हता. त्यांच्या हातून झोळीत बसलेली पोरं आता बाप झाली होती. त्यामुळे त्यांना नाही म्हणायची गावात पद्धतच नव्हती. तशीही इथल्या तोंडाला 'नाही' अवघड जातं. माणूस 'इंगिह' म्हणतो. म्हणायला तो होकार, पण त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की ऐकलं बरं का.

पुजिला दिवस गेले त्याच सुमारास शहरातल्या एका दूध कंपनीचा माणूस गावात आला; सगळे त्याला मस गिलांग, म्हणजे गिलांगदादा, म्हणत. गोरागोमटा, अदबीचा मुलगा. येताना बिस्किटांचा डबा आणला, खाली बसून चहा घेतला, आणि गावातल्या गरोदर बायकांसाठी फोनवर एक नवी सोय असल्याचं सांगितलं. बाळाच्या वाढीची माहिती आईला घरबसल्या मिळणार, तीही फुकट. नावं, नंबर आणि तारखा तेवढ्या बू सुमिराह यांनी भरायच्या. त्या इंगिह म्हणाल्या. जाताना तो एक गुलाबी छत्री देऊन गेला.

"तुझंही नाव घालू ना गं?" चटईवर बसून त्यांनी पुजिला विचारलं.

"इंगिह, बू."

फोनवर खूप काही बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि त्याखाली एक भलंमोठं हिरवं बटण होतं. दोघींपैकी कुणीच वाचलं नाही. बटण दाबलं गेलं.

निरोप यायला लागले ते बाळाच्याच आवाजात. "आई, आज मी लिंबाएवढा झालो." "आई, मी आता पपईएवढा आहे." पुजि संध्याकाळी ते नवऱ्याला, तेगुहला, वाचून दाखवायची. तो हसून म्हणायचा, "तुझा मुलगा माझ्यापेक्षा जास्त बोलतो." सातव्या महिन्यात सात झऱ्यांचं पाणी आणून तिला न्हाऊ घातलं. रीतीप्रमाणे पाहुण्यांनी कौलाच्या खापऱ्या पैसे म्हणून देऊन तिच्याकडून तिखट लावलेली फळं विकत घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाळाचं हलणं थांबलं. मुलगा होता. बांबूच्या बेटामागच्या दफनभूमीत त्याला ठेवलं.

फोनला हे कुणी सांगितलं नव्हतं. "आई, आता मला तुझा आवाज ऐकू येतो," तो म्हणाला.

पुजिला वाटलं, बाळंतपणाची तारीख उलटली की हे आपोआप थांबेल. तारीख आली तेव्हा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज मधासारखा गोड. "अभिनंदन, ताई! बाळ सुखरूप ना?"

अनोळखी मुलीला एवढ्या आनंदाच्या तोंडावर काय सांगायचं? पुजि म्हणाली, "इंगिह."

"मुलगा ना? अंगावर पितो ना?"

"इंगिह."

तिच्या दृष्टीने ती नुसती ऐकत होती. पलीकडे मात्र बाळ जन्मलं होतं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: "आई, मी आलो!"

मग तो हसायला लागला, कुशीवर वळायला लागला. पुजिने फोन तांदळाच्या पिंपात घालून ठेवला. वजनाच्या दिवशी ती घराबाहेर पडेना. बू सुमिराह खिरीचं भांडं घेऊन घरी आल्या, आणि बोलता बोलता पिंपातून सूर ऐकू आला. त्यांनी फोन काढून निरोप वाचले.

"हे मी केलंय, पोरी."

"तुम्ही कुठे, बू? मीच हो म्हटलं."

बंद करायची जागा शोधता शोधता त्यांचे डोळे दुखले. शेवटी एका कोपऱ्यात राखाडी अक्षरांत ती सापडली. दाबल्यावर रडणाऱ्या बाळाचं चित्र आलं आणि प्रश्न आला: "बाळाला एकटं सोडून जायचं?" पुजिने तोंड फिरवलं. पुढे पर्याय दोनच होते: बाळ पोटात आहे, बाळ जन्मलं आहे.

बू सुमिराह दुसऱ्या दिवशी गुलाबी छत्री घेऊन बसने शहरात गेल्या. परतल्या तेव्हा छत्री बरोबर नव्हती, आणि चेहरा उतरलेला होता. "झालं," म्हणाल्या. "आता नाही येणार."

आणि निरोप खरंच आले नाहीत.

त्यानंतर मस गिलांग जेव्हा जेव्हा गावात आला, तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला, त्याचं सगळं ऐकलं, इंगिह म्हटलं, आणि एकही नाव भरलं नाही. पुढे त्याचं येणं थांबलं. पुजिला मुलगी झाली. झोळीत बसून तिने सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं रडून घेतलं, आणि तिचं वजन पुजिला कानातच कळलं.

मुलगी चालायला लागली त्या वर्षी एकदा बू सुमिराह आपला फोन घेऊन आल्या. "बघ गं, भरलाय म्हणतो. फोटोसुद्धा निघत नाही." पुजि जुनं काय काय पुसत बसली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"आई, आज मी सायकलवर बसलो."

खाली, वर, सगळीकडे तेच होतं. दात आले, ताप आला तर काय करावं, पहिला वाढदिवस, दुसरा.

"बू, तुम्ही बंद केलं होतंत ना?"

"तुझ्याकडे बंद झालं ना?"

"मग हे काय?"

बू सुमिराह पदराने चष्मा पुसत राहिल्या. "तो मुलगा म्हणाला, वर सांगतो. इंगिह म्हणाला गं, आपल्यासारखाच. मला कळलं. मी विचारलं, बाळ गेलं असं कुठे लिहायचं? तर तशी जागाच केलेली नाही. नंबर बदलायची मात्र आहे. मग तुझ्याऐवजी घातला माझा."

"नंबर टाकून द्यायचा की! नवीन घ्यायचा."

"रात्रीबेरात्री कुणाला कळा आल्या तर याच नंबरवर फोन करतात. सगळ्यांना पाठ आहे हा."

पुजिने विचारलं, "वाचता तुम्ही?"

"आता कुठे दिसतंय मला? चित्र बघते. गुटगुटीत आहे." मग घाईने म्हणाल्या, "पूस ते. जागा कर. पुढचे येतीलच."

पुजिने बाकी सगळं पुसलं, पण ते निरोप पुसायला तिचा हात होईना. बू सुमिराह यांनी फोन कमरेला खोचला. "राहू दे, चालेल तसाच," म्हणाल्या आणि उन्हात वाळत घातलेल्या तंबाखूच्या तट्ट्यांमधून घरी गेल्या.

आता काट्याशी दुसरी बाई उभी असते, आणि ती आकडा मोठ्याने वाचते. बू सुमिराह यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दुपारी त्या पुजिच्या ओसरीवर गूळ घातलेला चहा प्यायला येतात. यंदा त्यांच्या फोनवर शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दुधाची जाहिरात आली. नंबर अजून तोच आहे.