कांबळे सरांची दिल्ली

कांबळे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी शीळफाट्याला रिक्षात अडकलेले. नवऱ्याचा फोन आला. "सर गेले गं." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं बाई... नक्की?" इतकी वर्षं शेजारी राहून या माणसाच्या एकाही गोष्टीवर माझा चटकन विश्वास बसला नव्हता, मरणावर तरी कसा बसणार!

सर रिटायर्ड शिक्षक. डोक्यात एकच खूळ, देशाची निवडणूक बदलायची. "वहिनी, शंभरातली पस्तीस मतं घेणारा दिल्लीला जातो. उरलेल्या पासष्ट जणांनी काय करायचं? ज्याला जेवढी मतं, त्याला तेवढ्या जागा हव्यात." मी चहा द्यायचे आणि मनात म्हणायचे, हा नक्की कुणाचा माणूस? फुकट कोण एवढं बोलतं? दिल्ली ऐकेना, म्हणून मग त्यांनी आमच्या मानपाड्याच्या सोसायटीलाच धरलं. इथे कमिटीच्या सगळ्या जागा दरवेळी माझ्या नवऱ्याच्या पॅनेलच्या. सर म्हणाले, मतांच्या प्रमाणात वाटा. मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय, सरांना सेक्रेटरी व्हायचंय. कसेबसे सगळे तयार झाले, आणि कमिटीत कोण आलं? तळमजल्यावरची तिघं, घर हातचं जाईल या भीतीने रिडेव्हलपमेंटला विरोध करणारी. सरांना तर रिडेव्हलपमेंट हवी होती, गुडघे गेलेले, लिफ्ट नाही! त्या तिघांनी बिल्डरला असे प्रश्न विचारले की काम लांबलंच. "सर, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात," मी म्हटलं. "त्यांची मतं होती ना, वहिनी? मग त्यांना बोलायला जागा नको?" कठडा धरून जिना चढत होते बिचारे. तरी मी शोधतच राहिले, यात यांचा फायदा काय...

गेल्या रविवारी शोकसभा झाली. दोन मिनिटं उभे राहिलो, आणि बसता-बसता नवरा म्हणाला, "आता सर नाहीत, तर पुढच्या वेळेपासून जुनीच पद्धत ठेवू." तळमजल्याची तिघं मान खाली घालून बसलेली. फोटोवरचा हार अजून सुकला नव्हता हो! एवढी घाई कसली? बिल्डरला काही शब्द दिलाय का यांनी? माझा जन्माचा संशय पहिल्यांदा माझ्याच घरात शिरला. "कुणाचा विरोध?" त्याने विचारलं. मी हात वर केला. त्याने पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. "एकमताने मंजूर."

सरांची एक सवय होती. हरणार हे ठाऊक असलं, तरी मोजून होईपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत. लोक हसायचे, मीही हसायचे.

मी हात तसाच ठेवला. खांदा दुखायला लागला.

"अहो," मी म्हटलं, "मोजा."