व्याह्यांची नळावरची ड्युटी

साक्षात देव दारात उभा राहिला, तरी आमचे व्याही आधी त्याला हात पुढे करायला लावतील, हुंगतील आणि मगच पाया पडतील. असा दुसरा माणूस मी बघितला नाही आणि बघायची हौसही नाही.

माझी लेक त्यांच्या घरात दिली आहे. सगळी नोकरी त्यांनी कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात शिफ्ट करत काढली. तिथं हात धुतल्याशिवाय आत सोडत नसत. कारखाना सुटला, पण धुणं सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांचे हात तपासत. एकदा सुपारी फोडायला बसलेल्या पाहुण्यांना उठवून त्यांनी नळावर नेलं. ती सोयरीक मोडता मोडता राहिली. जेवण झाल्यावर ताटातच हात धुवायची आपली रीत, तिच्यावर त्यांचा फार राग. म्हणायचे, "जेवल्यावर धुऊन काय उपेग? जे जायचं ते गेलं की पोटात."

मी वस्तीवरच्या शाळेत खिचडी शिजवते. चौथीपर्यंतची शाळा, पन्नासएक पोरं. घरचे कंटाळले तसे व्याही दुपारी शाळेत येऊ लागले. नळाजवळ बादली पालथी घालून बसायचे. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं बघायचे. पोरं अंगठा विसरतात. "अंगठा काय सासरी धाडलाय का रं?" असं ओरडायचे. एकदा तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही सकाळपासून तंबाखू मळताय. तुमचे हात दावा की!" त्यांनी मुकाट्यानं हात धुतले आणि तिच्या नाकापुढं धरले. ती म्हणाली, "नापास." ते परत धुवायला बसले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत तंबाखू आणली नाही. मलाही त्यांनी सोडलं नाही. एकदा मी गोठ्यातून तशीच चुलीपाशी आले होते, तर ते सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "विहीणबाई, हात." मी धुतले, पण आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग बोअरची मोटर जळाली. नळ कोरडा पडला. व्याह्यांनी घरून कळशीभर पाणी आणलं, घमेल्यात ओतलं, साबण कालवला आणि सगळ्या पोरांना ओळीनं त्यात हात बुडवायला लावले. पाणी वाचलं म्हणून खूश होते. मीही बघत होते, मलाही काही वावगं वाटलं नाही. दोन दिवसांत अकरा पोरांना जुलाब लागले. पहिलीतल्या एका पोरीला यवतच्या दवाखान्यात नेऊन तीन दिवस सलाईन लावावं लागलं.

शाळेत मीटिंग भरली. लोक म्हणाले, खिचडीच खराब, बाईला काढा. मी भिंतीला टेकून उभी होते. मग त्या आजारी पोरीच्या चुलत्यानं व्याह्यांना विचारलं, "आबा, तुम्ही रोज हितं असता. बाई हात धुत्यात का?"

"एकदा धुतले न्हवते," व्याही म्हणाले.

माझ्याच व्याह्यानं माझा गळा कापला, असं मला वाटलं.

"मी सांगितल्याव धुतले. तवापासून रोज धुत्यात, मी बघतो." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "खिचडीचा दोष न्हाई. पन्नास पोरांचे हात मी एका घमेल्यात बुडवले. एकाची घाण समद्यांना दिली. चूक माझी हाय."

घमेल्याचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"कारखान्यात ह्येच शिकला व्हय, आबा?" मागून कुणीतरी म्हणालं. ते उठून गेले.

माझं काम राहिलं. पोरगी बरी झाली. मोटर दुरुस्त झाली. पण व्याही येईनात, आणि पोरं नळाला बोट लावून पळायला लागली. लेकीच्या घरी मी पाणीसुद्धा पीत नाही, तरी आठव्या दिवशी गेले.

"व्याही, पोरं अंगठा विसरायला लागलीत."

"माझं आता कोण ऐकतंय?"

"मी ऐकतीय की. उद्या या. नळाला पानी नसलं तर मी तांब्यानं वरनं घालीन. घमेलं काढायचं न्हाई."

ते आले. अजून येतात. पोरांचे हात आता पहिल्यापेक्षा स्वच्छ असतात, हे खरं. पण ते ओरडत नाहीत, हुंगत नाहीत. कुणी अंगठा विसरलं तर नुसते बघत बसतात, की ते पोर आपणहून माघारी वळतं. पहिलीतल्या त्या पोरीचे हात मात्र ते स्वतः धुतात. पुसायला कुठलंच फडकं त्यांना स्वच्छ वाटत नाही, म्हणून वाळेपर्यंत तिचे हात आपल्या हातांवर उन्हात धरून बसतात. पोरगी चुळबुळ करते, भूक लागली म्हणते. खिचडी निवत असते. मी पळी खाली ठेवते आणि थांबते.